आधी पाणी, मग प्लॉट

शेतीवर जगणाऱ्या लहान गावाच्या कडेला कुणी रान मोडून प्लॉट पाडायचं ठरवलं, की वादाची दोन टोकं आधीच ठरलेली असतात. एक बाजू म्हणते, विकास अडवू नका. दुसरी म्हणते, काळी आई विकू नका. सभा तापते, जुनी भांडणं निघतात, कोण गावाचा वैरी आणि कोण जमिनीचा दलाल याचा निकाल लागतो आणि लोक घरी जातात. गावची पाण्याची टाकी किती घरांना पुरते, हा प्रश्न या सगळ्यात कुणी विचारतच नाही. निम्मा वाद ज्या आकड्याने मिटू शकला असता, तो आकडा सभेत आलेलाच नसतो.

माझं मत आधीच सांगतो. अशा गावाने किती आणि कुठे वाढायचं, हे कोणाला जमीन विकायची निकड आहे यावरून ठरू नये आणि शेतीबद्दलच्या उमाळ्यावरूनही ठरू नये. पाणी, सांडपाणी आणि रस्ते किती घरांचा भार पेलतात, यावरून ते ठरावं. त्या मर्यादेच्या आत खुशाल वाढावं. मर्यादा पुढे सरकवायची असेल, तर खर्च कोणाच्या खिशातून होणार हे आधी लिहून काढावं. आणि रानाचा प्लॉट होताना जमिनीला जो भाव चढतो, त्यातला वाटा गावाला आणि कडेच्या सगळ्या शेतकऱ्यांना मिळावा, नकाशावर ज्याचं नशीब उघडलं त्या एकट्यालाच नव्हे.

हे कोरडं वाटत असेल, तर एक रान जवळून पाहू. पीक निघालेलं चार एकरांचं रान. मोजणी होते, फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडतात, कोपऱ्यांवर चुना फासलेले दगड बसतात, मधून मुरमाचा एक पट्टा ओढला जातो आणि त्याला रस्ता म्हणायचं ठरतं. चार एकर म्हणजे 160 गुंठे. रस्ते आणि मोकळी जागा यांत 35 टक्के गेले तरी गुंठ्या-गुंठ्याचे शंभराहून जास्त प्लॉट निघतात. हे रान गावच्या शेवटच्या घरापासून एक किलोमीटर पुढे आहे असं धरा. पहिल्या काही वर्षांत तिथे तीस घरं उभी राहतात, बाकीचे प्लॉट ‘पुढेमागे कामाला येतील’ म्हणून घेऊन ठेवलेले. आता त्या तीस घरांपर्यंत पाइपलाइन न्यायची, तर रानाच्या तोंडाशी पोचेपर्यंतच दर घरामागे 33 मीटर पाइप लागतो. गावातल्या भरल्या गल्लीत, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर रुंदीची घरं असतील, तर दर घरामागे पाच मीटर पुरतो. म्हणजे एका घराला साडेसहा पट पाइप, आणि तो फुटला की दुरुस्तीही साडेसहा पट.

बरं, एवढ्यावर भागत नाही. लांब पाइपात उपसा थोडा असला की पाणी आत साचून राहतं आणि टाकीत घातलेलं क्लोरिन शेवटच्या नळापर्यंत टिकत नाही. भुयारी गटार टाकावी, तर मैला आपोआप वाहून जायला पाण्याला सेकंदाला साधारण 0.6 मीटर वेग लागतो. तीस घरांचं सांडपाणी लांबलचक गटारीत तेवढ्या जोराने वाहत नाही, गाळ बसतो. म्हणून गटार होतच नाही. जो तो आपल्या प्लॉटमध्ये शोषखड्डा घेतो आणि नळाचा भरवसा नाही म्हणून त्याच प्लॉटमध्ये बोअरही मारतो. पिण्याचं पाणी आणि शोषखड्डा यांच्यात किमान 15 मीटर अंतर असावं, असं सर्वसाधारणपणे सांगतात. एका गुंठ्याचा चौरस प्लॉट घेतला, तर त्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर भरतं जेमतेम 14 मीटर. म्हणजे त्या घरमालकाने कितीही काळजी घेतली तरी त्याला नियम पाळता येणारच नाही. चूक त्याची नाही, ती फक्कीच्या रेघेतच पडलेली आहे.

तहान लागल्यावर विहीर खणायला जाण्याचा हा प्रकार आहे, आणि जुन्या शहाण्या लोकांनी तो टाळला होता. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवलं तेव्हा कोरड्या मुलखात डोंगराच्या पोटातलं पाणी जमिनीखालच्या नहरीने वस्तीत आणलं. त्या काळच्या राज्यकर्त्याला नगररचनेचा कायदा ठाऊक नव्हता, पण पाण्याशिवाय पेठ बसत नाही हे ठाऊक होतं. मग आज हा क्रम उलटा कसा झाला? माझ्या मते कारण सरळ आहे. तेव्हा वस्ती बसवणारा आणि पाणी आणणारा एकच होता. आता प्लॉट पाडणारा वेगळा आणि पाणी आणणारा वेगळा. पहिला शेवटचा प्लॉट विकून निघून जातो, दुसरा मात्र कायम तिथेच असतो.

आता विरोधी बाजूचा सर्वांत जड मुद्दा. शेतकऱ्याची जमीन हीच त्याची बँक, तोच त्याचा विमा आणि तेच त्याचं निवृत्तिवेतन. पाऊस दगा देतो, भाव पडतो, मुलगा शेती करायला तयार नाही. अशा माणसाला रस्त्यापलीकडच्या नोकरदाराने ‘तुझं हिरवं रान किती छान दिसतं, ते तसंच ठेव’ असं सांगणं हा उद्धटपणा आहे. हे मी पूर्ण मान्य करतो. गावाला हिरवळ हवी असेल, तर तिची किंमत एकट्या शेतकऱ्याने का मोजावी?

अमेरिकेतल्या ओरेगन राज्याचा इतिहास इथे फार शिकवून जातो. तिथे 1973 मध्ये राज्यातल्या लहानमोठ्या सगळ्या शहरांना आपल्या वाढीची हद्द आखणं सक्तीचं करणारी व्यवस्था कायद्याने आली. हद्दीच्या आत साधारण वीस वर्षांच्या वाढीला पुरेल एवढी जागा, हद्दीबाहेर शेती आणि जंगल. या कायद्याचा एक मुख्य शिल्पकार, हेक्टर मॅकफर्सन, स्वतः दुग्धव्यवसाय करणारा शेतकरी होता. ज्यांना शेती करायची होती, त्यांनाच शेतात मधे-मधे उगवणाऱ्या घरांचा जाच होत होता. फवारणी केली की तक्रार, खताचा वास आला की तक्रार, रात्री पंप चालला की तक्रार. म्हणजे हद्द ही शेतकऱ्याच्या विरोधातली कल्पना नव्हती. पण हद्दीबाहेर ज्याची जमीन राहिली आणि भाव हुकला, त्याच्या मनात सल राहिलाच. 2004 मध्ये त्याच राज्याच्या मतदारांनी सुमारे 61 टक्के मतांनी ठरवलं, की निर्बंधामुळे जमिनीची किंमत घटली असेल तर भरपाई द्या, नाहीतर निर्बंध उठवा. भरपाईला पैसा कुठून येणार? निर्बंधच उठू लागले, मोठमोठ्या ले-आउटचे दावे पुढे आले, आणि तीन वर्षांत, 2007 मध्ये, मतदारांनी तो निर्णय बराचसा मागे घेतला. दोन्ही वेळा लोक चुकले असं मला वाटत नाही. पहिल्यांदा त्यांना अन्याय दिसला, दुसऱ्यांदा त्याच्यावरचा उपाय किती महाग पडतो ते दिसलं.

उलट्या टोकाचाही अनुभव आहे. ब्रिटनने 1947 च्या नगररचना कायद्याने जमीन विकसित करण्याचा हक्क सरकारकडे घेतला आणि परवानगीमुळे वाढणाऱ्या किमतीवर शंभर टक्के आकार लावला. तत्त्व म्हणून ते न्याय्यच होतं. भाव समाजामुळे चढतो, तर तो समाजाला मिळावा. पण सगळंच जाणार असेल तर मालक जमीन विकेल कशाला? जमिनी बाजारात येईनाशा झाल्या आणि 1953 पर्यंत तो आकार रद्द करावा लागला. माणसाच्या पदरात काहीच पडणार नसेल, तर तो गावाच्या योजनेत सहभागी होत नाही. हा माणसाचा दोष म्हणून सोडून देण्यासारखा मुद्दा नाही, योजना आखतानाच तो धरून चालायला हवा.

या दोन टोकांच्या मधली वाट शंभर वर्षांपासून चालून झालेली आहे, आणि आपल्याकडच्या वादात तिचं नावही निघत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. जर्मनीत फ्रँकफर्टचे महापौर फ्रान्झ आडिकेस यांच्या पुढाकाराने 1902 मध्ये एक कायदा झाला. शेजारशेजारच्या मालकांच्या वेड्यावाकड्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यातून रस्ते आणि सार्वजनिक जागा काढून घ्यायच्या आणि उरलेली जमीन नीट आकारात, रस्त्याला लागून, प्रत्येकाला त्याच्या वाट्याप्रमाणे परत द्यायची. जपानने हे तंत्र आधी शेतांसाठीच वापरलं. तुकडे झालेल्या भातखाचरांची पुनर्रचना करायला 1899 मध्ये त्यांनी कायदा केला आणि पुढे तेच तंत्र शहरांना लावलं. आज जपानच्या शहरी क्षेत्राचा सुमारे 30 टक्के भाग या पद्धतीने घडलेला आहे. मुंबई इलाख्यात 1915 चा नगररचना कायदा याच कल्पनेवर उभा राहिला. गुजरातने ती 1976 च्या कायद्यातून जिवंत ठेवली. अहमदाबादचा 76 किलोमीटरचा वर्तुळाकार रस्ता याच मार्गाने मिळालेल्या जमिनीवर झाला आणि 2001 च्या भूकंपानंतर भुजची जुनी पेठ याच पद्धतीने पुन्हा आखली गेली.

यात मालकाची 35-40 टक्के जमीन जाते. ऐकायला भयंकर वाटतं. पण उरते ती जमीन रस्त्यालगतची, चौकोनी, पाणी आणि गटार आलेली असते आणि तिचा भाव आधीच्या सगळ्या रानापेक्षा जास्त भरतो. मुख्य म्हणजे आरक्षण एकाच्याच रानावर पडत नाही. शाळेची जागा कोणाच्या वावरात पडायची, यावरून पिढ्यान्‌पिढ्या वैर धरणारी गावं असतात. सगळ्यांच्याच जमिनीतून थोडी थोडी गेली, तर त्या वैराला कारण उरत नाही. पुण्याजवळ मगरपट्ट्यात सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी चारशेहून जास्त एकर एकत्र आणून स्वतःच शहर उभं केलं, हे अनेकांना माहीत आहे. मात्र ते उदाहरण लहान गावाला जसंच्या तसं लावू नये. तिथे दारात महानगर होतं, गिऱ्हाईक तयार होतं. लहान गावाने चारशे एकर नव्हे, गावाला चिकटलेले वीस-पंचवीस एकर घ्यावेत आणि ते भरल्याशिवाय पुढच्या वीस एकरांना हात लावू नये.

दुसरा मुद्दा असा मांडला जातो, की गाव रिकामं होत चाललं आहे, तरुण निघून जातात, शाळेचा पट घटतो. अशा वेळी येईल ती वाढ पदरात पाडून घ्यावी, अटी कसल्या घालता? या भीतीत खोटं काही नाही. ओस पडत जाणारं गाव पाहण्याइतकं दुसरं दुःख नाही. पण प्लॉट म्हणजे माणसं नव्हेत. विकले गेलेले आणि कुसळी माजलेले प्लॉट शाळेचा पट वाढवत नाहीत. उलट परवानगीच्या वेळी एकदाच मिळणारा विकास आकार पाहून कारभारी सुखावतात आणि दिवाबत्ती, कचरा, पाइपची दुरुस्ती हा दर वर्षीचा खर्च मात्र जुन्या घरांच्या करातून भागवावा लागतो. गावात आधीच जे घर कर भरतं, त्याने रानातल्या रिकाम्या प्लॉटांचे दिवे का जाळावेत?

अटी घालून वाढणं शक्य असतं का? न्यूयॉर्क राज्यातल्या रामापो या गावाने 1969 मध्ये एक नियम केला. गटार, पावसाच्या पाण्याचा निचरा, उद्यान आणि शाळा, रस्ता, अग्निशमन या सोयी जवळ किती आहेत त्यावर गुण, आणि 15 गुण भरले तरच घरबांधणीला परवानगी. सोबत गावाने स्वतःही 18 वर्षांत कोणत्या सोयी कुठे करणार याचं वेळापत्रक दिलं. ज्याला थांबायचं नसेल त्याने स्वखर्चाने सोय करावी आणि गुण मिळवावेत. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1972 मध्ये गाव जिंकलं. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमाने, कोंबड्या आणि अंड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावाने, त्याच सुमारास वर्षाला 500 घरांची मर्यादा घातली आणि तीही न्यायालयात टिकली. मला पेटालुमापेक्षा रामापोची रीत जास्त पटते. 500 का, 400 का नाही, याला उत्तर देणं अवघड. गुण कशाचे, हे मात्र कुणालाही मोजून पाहता येतं. अर्थात रामापोने 1983 मध्ये ही पद्धत सोडून दिली हेही सांगायला हवं. नियम गावालाही तेवढाच बांधतो. दुसऱ्याला थांबवून स्वतःच्या कामांचं वेळापत्रक पाळलं नाही, तर तो नियम निव्वळ अडवणूक ठरतो.

आणि शेती राहिली म्हणजे पाणी आपोआप सुरक्षित राहिलं, असं मानणाऱ्या दुसऱ्या बाजूलाही मला काही सांगायचं आहे. कॅनडातलं वॉकरटन हे साधारण पाच हजार वस्तीचं शेतीगाव. मे 2000 मध्ये तिथे मुसळधार पाऊस झाला, शेजारच्या शेतातल्या शेणखतातले जंतू गावाच्या विहिरीत उतरले. सात माणसं गेली, 2,300 हून अधिक आजारी पडली. पाण्यात क्लोरिन पुरेसं घातलं जात नव्हतं आणि नोंदी खोट्या होत्या, हे चौकशीत निघालं आणि लोकांच्या लक्षात तेच राहिलं. पण त्या चौकशीत आणखी एक गोष्ट आहे. ती विहीर अवघ्या काही मीटर खोलीवरच्या भेगाळ खडकातून पाणी घेत होती. 1978 मध्ये ती खोदली तेव्हाच तज्ज्ञाने अहवालात लिहिलं होतं, की आजूबाजूच्या जमिनीवर काय चालतं यावर गावाचा ताबा हवा, त्यासाठी जमीन घेण्याचा विचार करावा. घेतली नाही. शेतकऱ्याने काहीच गैर केलं नव्हतं, तो आपली शेती रीतसर करत होता. चूक जमीन कशासाठी राखायची याच्या निर्णयात होती आणि ती बावीस वर्षं कोणाला दिसली नाही. गावाच्या आराखड्यात सर्वांत आधी कोणती जमीन रंगवायची, तर ती विहिरीभोवतालची, मग तिथे घर येवो की गोठा. पिण्याच्या पाण्याला या दोहोंपासून धोका सारखाच.

पाण्याचाच दुसरा चेहरा पावसाळ्यात दिसतो. एका एकरावर 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर दोन लाख लिटर पाणी पडतं. नांगरलेलं रान त्यातलं बरंच पिऊन टाकतं. छपरं, काँक्रीट आणि दाबलेला मुरूम जवळजवळ सगळं बाहेर टाकतात. ले-आउट करताना मधली नाली बुजवलेली असते, कारण तिच्यावर दोन प्लॉट जास्त निघतात. मग ते पाणी खालच्या शेतकऱ्याच्या वावरात शिरतं आणि त्याची माती घेऊन जातं. ज्याने जमीन विकलीच नाही, त्याचं हे नुकसान जमेला कोण धरतं? ‘माझी जमीन, माझा हक्क’ म्हणणाऱ्यांनी या खालच्या शेतकऱ्याच्या हक्काचंही उत्तर द्यावं.

तिसरा आक्षेप कडवट आहे आणि अनुभवातून आलेला आहे. आराखडे कागदावरच राहतात. आरक्षणं पडतात, पैसा येत नाही, मालक ना विकू शकतो ना बांधू शकतो. महाराष्ट्राच्या 1966 च्या नगररचना कायद्यात कलम 127 घालावं लागलं ते यामुळेच, दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही तर मालकाने नोटीस द्यावी आणि तरीही मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण संपावं. आणि दुसरीकडे नियम धाब्यावर बसवून पाडलेल्या गुंठेवारीला 2001 मध्ये कायदा करून नियमित करावं लागलं, कारण तोवर तिथे लाखो माणसं राहत होती. ज्याने नियम पाळला तो अडकला, ज्याने मोडला तो सुटला. मग लोकांनी आराखड्यावर विश्वास का ठेवावा?

माझं म्हणणं असं, की हा आक्षेप मोठ्या, अवजड आराखड्यांवर लागू पडतो आणि पडायलाच हवा. वीस वर्षांनंतरचं गाव रंगवणारा, बाहेरगावच्या कचेरीत तयार झालेला, चाळीस रंगांचा नकाशा लहान गावाला पेलत नाही. तिथे नगररचनाकार नसतो, अभियंता असला तर तीन गावांत मिळून एक. अशा गावाला एकाच कागदावर मावेल एवढा आराखडा हवा. विहिरीभोवतालची राखीव जमीन, ओढे-नाले, पुढच्या पाच वर्षांत ज्या रानात वाढ होणार ते एकच रान, आणि टाकीची क्षमता किती व जोडण्या किती याचे दोन आकडे. तेवढं भिंतीवर लावता येतं. ते मोडलं गेलं तर शाळेतल्या मुलालाही कळतं. गुंठेवारी फोफावली, कारण गरिबाला परवडेल असा कायदेशीर लहान प्लॉट कुठे मिळतच नव्हता. गावाने स्वतः एकत्र आणलेल्या जमिनीतून लहान प्लॉट काढले, तर बेकायदा प्लॉट घेण्याची गरजच निम्मी होते. वाढीला मर्यादा घातली तर घरं महाग होतील, या चौथ्या आक्षेपाचंही बरंचसं उत्तर यातच आहे. बाकीचं उत्तर गावाच्या आतच असतं. पडकी घरं, वाटणीच्या वादात अडकलेले वाडे, मोकळ्या जागा यांच्या दारात नळ आणि गटार आधीच पोचलेली असते. वाटण्या मिटवायला गावाने मदत केली, तर एकही नवा पाइप न टाकता घरं निघतात.

म्हणून पुढच्या वेळी ले-आउटचा अर्ज आला, की सभेत आधी भाषणं होऊ नयेत. पाणी सोडणाऱ्या माणसाला पुढे बोलवावं. टाकी किती वाजता भरते, शेवटच्या गल्लीत पाणी किती वाजता पोचतं, उन्हाळ्यात विहिरीची पातळी कुठवर उतरते, हे त्याला तोंडपाठ असतं. ते फळ्यावर लिहावं आणि त्याच्या खाली मागितलेल्या प्लॉटांची संख्या लिहावी.